मर्ल ओबेरॉन : मुंबईची मुलगी, टास्मानियाचा जन्म

१९४९ साली हॉलिवूडमधल्या एका विख्यात अभिनेत्रीने आपल्या दिवंगत आईची चित्रे एका चित्रकाराकडून काढून घेतली. आईला जाऊन बारा वर्षे लोटली होती, त्यामुळे चित्रकारापुढे नमुना म्हणून एक जुने छायाचित्रच तेवढे होते. त्याला एक सूचना मात्र स्पष्ट दिलेली होती. आईचा वर्ण होता त्यापेक्षा उजळ दाखवायचा. चित्रकाराने तो उजळवला. पुढे ही अभिनेत्री जिथे जिथे राहिली, तिथे तिथे ती चित्रे तिच्या भिंतींवर राहिली, तिच्या मृत्यूपर्यंत.

तीच आई हयात होती आणि त्याच मुलीच्या घरात राहत होती, तेव्हा आल्यागेल्या पाहुण्यांना तिची ओळख घरची आया म्हणून करून दिली जात असे.

अभिनेत्रीचे नाव मर्ल ओबेरॉन. आजचा धागा तिच्याविषयी आहे. थोडा लांबणार आहे, तेव्हा निवांत वाचा.

मर्लचा जन्म मुंबईचा, तारीख १९ फेब्रुवारी १९११. (होय, शिवजयंतीची तारीख. त्यामुळे निदान महाराष्ट्रात तरी ती कुणी विसरू नये.) जन्मनाव एस्टेल मर्ल ओब्रायन थॉम्पसन. वडील आर्थर थॉम्पसन हे इंग्लंडच्या डार्लिंग्टनहून आलेले, रेल्वेत कामाला असलेले गृहस्थ. तिला वाढवणारी शार्लट सेल्बी ही सिलोनची, म्हणजे आजच्या श्रीलंकेची, मिश्रवंशीय स्त्री. पहिल्या महायुद्धात आर्थर ब्रिटिश सैन्यात दाखल झाला आणि पश्चिम आघाडीवर न्यूमोनियाने वारला. १९१७मध्ये शार्लट लहानग्या मर्लला घेऊन मुंबईहून कलकत्त्याला गेली.

१९११ हे साल आणखी एका कारणाने ध्यानात ठेवण्याजोगे आहे. त्याच वर्षीच्या जनगणनेत मिश्र रक्ताच्या लोकांसाठी ‘अँग्लो-इंडियन’ ही संज्ञा सरकारने अधिकृत केली. तोवर हा शब्द हिंदुस्थानात राहणाऱ्या शुद्ध इंग्रजांना लावत, आणि मिश्र संततीला ‘युरेशियन’ म्हणत. म्हणजे मर्ल ज्या वर्षी जन्मली, त्याच वर्षी तिच्या समाजाला नवे नाव मिळाले. नाव बदलल्याने पायरी बदलली नाही. रेल्वे, तारखाते, जकातखाते यांतल्या मधल्या फळीच्या जागा त्यांना मिळत. त्याहून वर चढण्याची वाट बंद होती. इंग्रजांच्या क्लबात त्यांना प्रवेश नसे, आणि कधीही न पाहिलेल्या इंग्लंडला मात्र ते ‘होम’ म्हणत. त्यांच्या बोलण्याच्या लकबीला इंग्रज लोक ‘चीची’ म्हणून हिणवत. रक्तातला वाटा रुपया-आण्यांत मोजून ‘हा आठ आणे, ती चार आणे’ असले कुत्सित हिशेबही चालत. जातीच्या उतरंडीत वाढलेल्या आपल्या वाचकांना हा हिशेब नवा वाटू नये.

कलकत्त्यात मर्लला ला मार्टिनिएर या नामांकित शाळेत शिष्यवृत्तीवर प्रवेश मिळाला. तिथल्या मुलींनी तिच्या जन्मावरून तिला इतके टोचले की तिने शाळा सोडली. पुढे ती हौशी नाटकमंडळीत रमली, चित्रपट पाहू लागली, फिर्पोसारख्या उपाहारगृहांत वावरू लागली. ‘क्वीनी थॉम्पसन’ या नावाने तिने कलकत्त्यात टेलिफोन ऑपरेटरची नोकरी केल्याचे पत्रकार सुनंद के. दत्ता-रे यांनी लिहून ठेवले आहे. ही टेलिफोनची नोकरी लक्षात असू द्या. ती या धाग्यात पुन्हा येणार आहे.

याच काळातली एक हकिकत तिच्या चरित्रांत सांगितली जाते. एका सधन, पूर्वी नट असलेल्या परदेशी गृहस्थाशी तिची मैत्री जुळली. एके रात्री तो तिच्या घरी आला आणि शार्लटचा सावळा चेहरा त्याच्या दृष्टीस पडला. प्रकरण तिथेच संपले. फ्रान्समधल्या नीस येथे चित्रपट काढणाऱ्या रेक्स इन्ग्राम या दिग्दर्शकाकडे शिफारस करण्याचे आश्वासन मात्र त्याने दिले. १९२८-२९च्या सुमारास मर्ल शार्लटसह युरोपला निघाली. त्या रात्री तिने काय ताडले असेल, हे सांगायला कागदपत्रे लागत नाहीत. तिच्या स्वतःच्या चेहऱ्यावर कुणाला शंका आली नव्हती. तिचे गुपित शेजारी उभ्या असलेल्या बाईच्या चेहऱ्यावर होते.

आता थोडे मूळ कथेबाहेर जाऊन एक संज्ञा समजून घेऊ. अमेरिकेत वंशभेदाच्या काळात एक शब्द रूढ झाला : ‘पासिंग’. पूर्वजांत एक जरी कृष्णवर्णीय असला, तरी कायदा आणि रूढी त्या माणसाला कृष्णवर्णीय ठरवत. परंतु असा माणूस दिसायला गोरा असेल, तर तो आपले गाव, नाव, नातेवाईक सोडून दूरच्या शहरात गोरा म्हणून नवे आयुष्य सुरू करू शकत असे. त्यालाच ‘पासिंग’ म्हणत. आपल्याकडचा नेमका शब्द ‘खपून जाणे’ हा आहे. खोटे नाणे बाजारात खपून जाते, तसे. फक्त या व्यवहारात खोटे नाणे कुणाला म्हणायचे, हे टांकसाळीच्या मालकाने ठरवलेले होते.

चित्रपटसृष्टीला तर हा व्यवहार फारच मानवणारा होता. तिथे प्रत्येकाचेच नाव बदललेले, प्रत्येकाचाच भूतकाळ प्रसिद्धी खात्याने लिहिलेला. शिवाय कृष्णधवल फितीवर कातडीचा रंग नसतोच. असते ती फक्त प्रकाशाची मात्रा. मूकपटांच्या आरंभीच्या काळातली फीत तांबड्या रंगाला जवळपास आंधळी होती, त्यामुळे तांबूस-गव्हाळ चेहरे पडद्यावर काळवंडत आणि सगळ्याच नटांना पांढऱ्या लेपाचे थर द्यावे लागत. विसाच्या दशकाच्या अखेरीस सर्व रंगांना प्रतिसाद देणारी फीत सर्वत्र आली, तरी दिवा कुठे ठेवायचा आणि लेप किती द्यायचा, हे ठरवणाऱ्याच्या हातात वर्ण ठरवण्याचे सामर्थ्य राहिलेच.

लंडनमध्ये क्वीनी थॉम्पसन आरंभी कॅफे द पारी या नाइटक्लबात काम करत होती आणि चित्रपटांत किरकोळ भूमिका करत होती. अलेक्झांडर कोर्डा या निर्मात्या-दिग्दर्शकाने तिला हेरले. कोर्डा स्वतः हंगेरीतला ज्यू. जन्मनाव शांदोर केल्नर. नाव बदलून, देश बदलून तो ब्रिटिश चित्रपटसृष्टीचा सम्राट होण्याच्या मार्गावर होता. कुणाला कोणत्या भूतकाळाची गरज आहे, हे त्याला अनुभवाने कळत असणार. त्याच्या १९३३च्या ‘द प्रायव्हेट लाइफ ऑफ हेन्री द एट्थ’मध्ये राणी ॲन बोलीनची छोटी, पण ठसठशीत भूमिका मर्लला मिळाली. ‘ओब्रायन’चे ‘ओबेरॉन’ झाले. १९३४च्या ‘द बॅटल’मध्ये ती जपानी सरदारपत्नी झाली, त्याच वर्षी ‘द स्कार्लेट पिंपर्नेल’मध्ये लेडी ब्लेकनी.

नव्या नावाला नवा जन्म हवा. कोर्डाच्या प्रसिद्धी यंत्रणेने तो पुरवला. मर्ल ही ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेकडील टास्मानिया बेटावर, होबार्ट शहरात, प्रतिष्ठित ब्रिटिश घराण्यात जन्मली. वडील अकाली वारले. मग ती हिंदुस्थानात नातलगांकडे वाढली. टास्मानियाच का? एक तर ते लंडन आणि लॉस एंजेलिस या दोन्ही ठिकाणांहून इतके दूर की पडताळा पाहायला कोण जाणार? दुसरे, ते अस्सल ब्रिटिश वस्तीचे मानले जाई. हिंदुस्थानातली वर्षे मात्र पुसली नाहीत, कारण तिला तिथे पाहिलेली माणसे पुढे येण्याचा संभव होता. जन्माचे कागद कुठे आहेत? आगीत जळाले.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला हे वाचून हसू येते. वतनाच्या आणि इनामाच्या आपल्याकडील जुन्या तंट्यांतही मूळ कागद ऐन वेळी आगीत किंवा दंग्यात ‘गहाळ जाहले’ असतात. जिथे आग लागते, तिथे बहुधा एखादा अडचणीचा कागद असतो, एवढे या विद्याशाखेने शिकवले आहे.

१९३५ साली सॅम्युएल गोल्डविनच्या ‘द डार्क एंजल’ या चित्रपटात मर्लला इंग्लंडच्या ग्रामीण भागातल्या एका सोज्ज्वळ तरुणीची भूमिका मिळाली. पौर्वात्य गूढ सुंदरीची छबी मागे पडली. या भूमिकेसाठी तिला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीच्या ऑस्करचे नामांकन मिळाले. १९३६च्या सोहळ्यात पुरस्कार बेटी डेव्हिसकडे गेला. मुंबईत जन्मलेली मुलगी सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीच्या ऑस्करच्या शर्यतीत उतरली, आणि त्या सभागृहात हे कुणीही मोठ्याने म्हणू शकत नव्हते. २०२३मध्ये मिशेल यो यांना हा पुरस्कार मिळण्याच्या सुमारास अनेक बातम्यांत एक अवघडलेला शब्दप्रयोग दिसला : ‘स्वतःची ओळख आशियाई म्हणून सांगणारी पहिली’ नामांकित अभिनेत्री. त्या अवघडलेपणाचे कारण मर्ल ओबेरॉन होते.

इथे एक प्रश्न हमखास विचारला जातो. एवढे लपवायचे कशाला? सांगून टाकायचे होते! आजच्या पिढीला हे म्हणणे सोपे आहे, म्हणून त्या काळची चौकट नीट पाहू.

१९१७च्या अमेरिकन कायद्याने आशियाचा फार मोठा पट्टा ‘निषिद्ध’ ठरवला होता. त्या पट्ट्यात हिंदुस्थान होता. १९२३मध्ये भगतसिंग थिंद या पंजाबी गृहस्थाचा खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे आला. थिंद यांनी पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात नोकरी केलेली होती. आपण आर्य, म्हणून कॉकेशियन, म्हणून गोरे. सबब नागरिकत्वास पात्र, असा त्यांचा युक्तिवाद. न्यायालयाने निवाडा दिला की मानववंशशास्त्र काहीही म्हणो, सर्वसामान्य माणूस ज्याला गोरा समजत नाही तो गोरा नव्हे. या निकालानंतर आधी मिळालेले नागरिकत्वही अनेक हिंदी माणसांकडून काढून घेण्यात आले. हा रस्ता पुन्हा उघडला तो १९४६च्या कायद्याने. थिंद निकालाची तारीख होती १९ फेब्रुवारी १९२३. कलकत्त्यात त्या दिवशी मर्लचा बारावा वाढदिवस होता.

चित्रपटांच्या बाबतीत तर आणखी एक बेडी होती. हॉलिवूडची आचारसंहिता, जिला ‘हेज कोड’ म्हणतात, १९३०मध्ये लिहिली गेली आणि १९३४पासून कठोरपणे अमलात आली. तिने पडद्यावर गोऱ्या आणि कृष्णवर्णीयांचे प्रणयसंबंध दाखवण्यास बंदी घातली. शब्द ‘कृष्णवर्णीय’ असे असले, तरी व्यवहारात आशियाई कलावंतांनाही याची झळ बसे. चिनी वंशाची अभिनेत्री ॲना मे वाँग ही लॉस एंजेलिसमध्येच जन्मलेली, गुणी, लोकप्रिय. चिनी शेतकऱ्यांवरील ‘द गुड अर्थ’ या चित्रपटाची नायिका व्हावे ही तिची इच्छा होती. नायक म्हणून गोरा पॉल म्युनी निवडला गेला, आणि नायिकेची भूमिका लुइझ रायनर या जर्मन-ऑस्ट्रियन अभिनेत्रीला चिनी रंगभूषा करून देण्यात आली. रायनरला त्यासाठी ऑस्कर मिळाले. मर्लच्या पुढे हे उदाहरण होते. खरे सांगितले असते, तर ती इंग्रज तरुणी झाली नसती, लेडी झाली नसती. कोपऱ्यातली दासी किंवा दुष्ट पौर्वात्य सुंदरी होऊन संपली असती.

१९३९च्या ‘वदरिंग हाइट्स’चा विनोद तर इतिहासानेच केला आहे. एमिली ब्राँटेच्या मूळ कादंबरीत नायक हीथक्लिफ हा काळसर वर्णाचा, कुठून आला ते ठाऊक नसलेला पोर आहे. त्याच्या रूपावरून तो लास्कर असावा की काय, असा तर्कही कादंबरीत केला जातो. लास्कर म्हणजे इंग्रजी जहाजांवरचे हिंदी खलाशी. आपल्या कोकणपट्टीतूनही असे खलाशी जात. चित्रपटात हा हीथक्लिफ झाला लॉरेन्स ऑलिव्हिए, अस्सल इंग्रज. आणि ज्या उच्चकुलीन गोऱ्या कॅथीला तो आपल्या पायरीचा वाटत नाही, ती झाली मुंबईची मर्ल.

आता पुन्हा घरात येऊ, कारण माझ्या मते या कथेचे खरे मोल तिथे चुकते केले गेले.

लंडनमध्ये मर्लचे नाव होत होते, तेव्हा शार्लट तिच्याबरोबरच राहत होती. पाहुणे आले की ती आया. मुलीच्या मैत्रिणींना, पत्रकारांना, निर्मात्यांना ती चहा देई आणि आत जाई. आपण कल्पना करू शकतो, पण मला त्या कल्पनेत फार वेळ राहवत नाही. १९३७ साली शार्लट वारली. त्याच वर्षी ‘आय, क्लॉडियस’ या चित्रपटाचे चित्रण चालू असताना लंडनमध्ये मोटारअपघात होऊन मर्लच्या चेहऱ्याला जखमा झाल्या आणि तो चित्रपट अपुराच राहिला. १९४०मध्ये सौंदर्यप्रसाधनांची विषबाधा आणि औषधाची ॲलर्जी यांमुळे तिची कातडी आणखी बिघडली. ज्या कातडीवर सगळा डोलारा उभा होता, तीच दगा देऊ लागली. पुढे १९४४च्या ‘द लॉजर’च्या वेळी ल्युसिएन बॅलार्ड या छायालेखकाने कॅमेऱ्याच्या भिंगालगत बसवायचा एक खास दिवा तयार केला. समोरून पडणाऱ्या त्या प्रकाशात चेहऱ्यावरच्या सावल्या आणि व्रण विरून जात. त्या दिव्याला तिच्या नावावरून ‘ओबी’ म्हणू लागले. कोर्डाशी १९३९मध्ये झालेला विवाह (तो १९४२मध्ये ‘सर’ झाला, म्हणजे मुंबईची क्वीनी खरोखर लेडी कोर्डा झाली) १९४५ला मोडला आणि त्याच वर्षी तिने बॅलार्डशी लग्न केले.

गुन्हेगार कोण, हे ठरवण्याची घाई इथे करू नये. मर्लने आईला मोलकरीण केले, हे खरे. तिच्या जागी दुसरी कुणी असती तर आई मायदेशी राहिली असती, एखाद्या चाळीत किंवा आश्रमात मनीऑर्डरची वाट पाहत, हेही तितकेच खरे. मर्लने तिला सोडले नाही; जगासमोर तिचे नाते तेवढे सोडले. आपल्यापैकी काहींना यातले दुसरे अधिक क्रूर वाटेल. मला त्यापेक्षा त्या व्यवस्थेचा विचार छळतो, जिने एका मुलीपुढे हेच दोन पर्याय ठेवले.

याच काळात मुंबई-कलकत्त्यात नेमकी उलटी वाहतूक चालू होती, ती पाहिल्याशिवाय हे चित्र पुरे होत नाही. दादासाहेब फाळक्यांच्या १९१३च्या ‘राजा हरिश्चंद्र’मधली तारामती म्हणजे अण्णा साळुंके, हे आपल्याला पाठ आहे. प्रतिष्ठित घरांतल्या स्त्रिया कॅमेऱ्यापुढे यायला तयार नव्हत्या. ती पोकळी भरून काढली कुणी? फार मोठ्या प्रमाणात अँग्लो-इंडियन आणि ज्यू मुलींनी. कलकत्त्याची पेशन्स कूपर हिने आपल्याच नावाने मूकपट गाजवले. कलकत्त्याचीच रेनी स्मिथ ‘सीतादेवी’ झाली आणि १९२५च्या ‘प्रेम संन्यास’मध्ये सिद्धार्थ गौतमाची पत्नी गोपा म्हणून पडद्यावर आली. आयरिस गॅस्पर ‘सबितादेवी’ झाली. आणि पुण्यात १९०७ साली जन्मलेली बगदादी ज्यू घराण्यातली रुबी मायर्स झाली ‘सुलोचना’. सिनेमात येण्यापूर्वी ती काय करत होती? टेलिफोन ऑपरेटर होती!

मला ही जोडी फार बोलकी वाटते. दोन शहरांतल्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये बसलेल्या, इंग्रजी बोलणाऱ्या, ना इकडच्या ना तिकडच्या मानल्या गेलेल्या दोन मुली. एक हिंदू नाव घेऊन हिंदुस्थानी पडद्यावरची सर्वांत महागडी तारका झाली. १९२७च्या ‘वाइल्डकॅट ऑफ बॉम्बे’मध्ये तिने एकटीने आठ भूमिका केल्या. दुसरी इंग्रज नाव-गाव घेऊन पश्चिमेला गेली. बोलपट आले तेव्हा सुलोचनाला हिंदुस्थानी भाषा शिकण्यासाठी चक्क विश्रांती घ्यावी लागली, आणि ती परत आली. १९७३चा दादासाहेब फाळके पुरस्कार तिला मिळाला. रुबी मायर्स हे नाव कधी गुपित नव्हते. प्रेक्षकांनी ते ठाऊक असूनही सुलोचनेला डोक्यावर घेतले. नाव बदलणे आणि आई लपवणे यांत जे अंतर आहे, ते या दोन मुलींमधले अंतर आहे. आपला समाज अधिक उदार होता, असा याचा अर्थ कुणी काढू नये. या मुली पडद्यावर चालल्या, कारण ‘घरंदाज’ बायकांनी न करण्याचे काम त्या करत होत्या.

आणखी एक धागा, आणि तो थेट आपल्या अहमदनगरपर्यंत (आता अहिल्यानगर) पोहोचतो. ‘द किंग अँड आय’ची कथा जिच्या आठवणींवरून स्फुरली, ती सयामच्या राजवाड्यातली शिक्षिका ॲना लिओनोवेन्स. आपण वेल्समधल्या कार्नार्व्हन येथे जन्मलो असे ती जन्मभर सांगत राहिली. विसाव्या शतकाच्या सत्तरीत संशोधकांनी कागद तपासले तेव्हा आढळले की ती १८३१ साली अहमदनगरला जन्मलेली ॲना एडवर्ड्स होती. कंपनीच्या फौजेतल्या एका शिपायाची मुलगी. तिची आई मिश्रवंशीय असावी असे अभ्यासक मानतात. तिची एक बहीण होती, इलायझा. बहिणीची नात... नव्हे, बहिणीच्या मुलीचा मुलगा म्हणजे विल्यम हेन्री प्रॅट. हे नाव ओळखीचे वाटणार नाही. बोरिस कार्लोफ म्हटले की वाटेल. १९३१च्या ‘फ्रँकेनस्टाइन’मधला तो राक्षस! एका रशियन वाटणाऱ्या नावाआड त्याच्या चेहऱ्यावरचा सावळेपणा सहज झाकला गेला. नगरच्या छावणीपासून हॉलिवूडच्या राक्षसापर्यंत तीन पिढ्या, आणि मधल्या प्रत्येक पायरीवर जन्मस्थान थोडे थोडे पश्चिमेला सरकलेले.

परत मर्लकडे. १९७८ साली, आयुष्याच्या सायंकाळी, ती खरोखरच होबार्टला गेली. आपल्या मातीतली जगप्रसिद्ध कन्या आली म्हणून महापौरांनी स्वागत समारंभ ठेवला. तिच्या जन्माची कुठलीही नोंद तिथे सापडत नाही, हे समारंभाआधीच यजमानांच्या ध्यानात आले होते. तरीही समारंभ झाला. तिथे पोहोचल्यावर तिने आपला जन्म टास्मानियाचा असल्याचे नाकारले आणि बरे वाटत नाही म्हणून ती निघून गेली. गंमत अशी की टास्मानियातल्या लोकांनी तोवर स्वतःची एक दंतकथा रचलेली होती. मर्ल ही तिथल्या एका हॉटेलात काम करणाऱ्या चिनी वंशाच्या स्त्रीची मुलगी, असे तिथे पिढ्यान् पिढ्या सांगितले जाई. म्हणजे तिच्या चेहऱ्यातला आशिया तिथल्या माणसांनी बरोबर ओळखला होता. नकाशावरची जागा तेवढी चुकली. २००२च्या ‘द ट्रबल विथ मर्ल’ या माहितीपटात हा सगळा गोंधळ पाहायला मिळतो. होबार्टच्या त्या भेटीच्या पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर १९७९मध्ये, मर्लचे निधन झाले. १९८३मध्ये आलेल्या तिच्या चरित्रातून मुंबईचा जन्म जगजाहीर झाला.

पण तेवढ्यावर गोष्ट संपली नाही. मुंबईतली जन्मनोंद आणखी काही सांगत होती.

शार्लटला कॉन्स्टन्स नावाची एक मुलगी होती. मर्ल तिला बहीण म्हणून ओळखत वाढली. कॉन्स्टन्स मुंबईतच राहिली, तिचे लग्न झाले, पुढे तिला चार मुले झाली. त्यांतल्या एकाने मोठेपणी कुटुंबाचे कागद शोधताना मुंबईतली मर्लची जन्मनोंद मिळवली. आईच्या रकान्यात शार्लटचे नाव नव्हते. तिथे कॉन्स्टन्सचे नाव होते. मर्लच्या जन्माच्या वेळी कॉन्स्टन्स अल्पवयीन होती, शाळेत जाण्याच्या वयाची. वडिलांच्या जागी नाव होते आर्थर थॉम्पसनचे, म्हणजे शार्लटच्या जोडीदाराचे. घरात काय घडले असेल, त्याला आजच्या भाषेत एकच शब्द आहे, आणि तो वाचकांना ठाऊक आहे.

तेव्हा या आयुष्यातली पहिली बनावट ओळख हॉलिवूडने रचलेलीच नव्हती. ती मुंबईत, एका गरीब मिश्रवंशीय घरात, एका आजीने रचली होती. आपल्या कोवळ्या मुलीला बोल लागू नये म्हणून तिने नातीला मुलगी म्हणून पोटाशी धरले. पुढे त्याच नातीसाठी, तिच्या पायरीला धक्का लागू नये म्हणून, ती मोलकरीण झाली. आजी, मग आई, मग आया. प्रत्येक वेळी नाते बदलले ते शार्लटचे.

जन्मनोंद सापडलेल्या त्या मुलाने, म्हणजे मर्लच्या सावत्र भावाने, लॉस एंजेलिसला जाऊन तिची भेट घेण्याचा प्रयत्न केला. तिने भेटायला नकार दिला. त्या वेळी तिच्या घराच्या भिंतीवर शार्लटची ती उजळ रंगातली चित्रे टांगलेली होती.